मुली जूनमध्ये गळतात, आणि पटावर त्याची नोंद होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. तो खरा असतो, पण परीक्षेला बसलेल्या मुलींपुरता. सातवी-आठवीनंतर ज्या परीक्षेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्या या टक्केवारीत कुठेच नसतात. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात आणि जावळी-पाटणच्या डोंगरवाड्यांत मुलींना शाळेत टिकवण्यासाठी गावे धडपडतात, पण ही धडपड चुकीच्या महिन्यात होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची प्रभातफेरी, भाषणे, वह्यावाटप. गळती मात्र एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत होते आणि तेव्हा गावात कुणी विचारत नाही.

कारण साधे आहे. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. मुलीने शाळा सोडल्याचा दाखला नेला की तिचे नाव पटावरून रीतसर कमी होते. पुढच्या विद्यालयाला ती येणार होती हेच माहीत नसते. पहिली शाळा म्हणते, दाखला दिला. दुसरी म्हणते, आमच्याकडे आलीच नाही. दोघांच्या लेखी गळती शून्य! यूडायस प्लस या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असे नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडून राहते, पण ते उघडून बघायला मुख्याध्यापकांचे लॉगिन लागते. शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीनंतर तो धाकही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे शंभर पानी एक वही. शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला एक ओळ: नाव, आईचा फोन, पुढची शाळा कोणती, जाणार कशाने, दाखला कधी नेला, नव्या शाळेत हजर कधी झाली. वही शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्याकडे असावी. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. मुख्याध्यापकांची बदली होते, पालक गावातच राहतो. वही तीनदा उघडायची. १ मे रोजी, कारण त्या दिवशी गुणपत्रके मिळतात आणि ग्रामसभाही असते. शाळा भरल्यावर आठवड्याभराने, म्हणजे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आणि ३१ जुलैला. हजर झाल्याचा रकाना ज्या ओळीत कोरा आहे, त्या घरी दोन महिलांनी जायचे. सगळी समिती मिळून गेली की घरच्यांना पंचायत बसल्यासारखे वाटते आणि खरे कारण बाहेर येत नाही. ऑगस्टपर्यंत थांबलात तर मुलगी रोजगाराला लागलेली असते किंवा मावशीच्या गावी ‘राहायला’ गेलेली असते.

जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमातून शिकणाऱ्या मुलींसाठी वहीत आणखी एक रकाना हवा, पुढच्या शाळेच्या माध्यमाचा. जवळ कन्नड विद्यालय नसेल तर मे महिन्यातच तिला मराठी वाचन-लेखनाची उजळणी द्यावी लागते. नाही तर ती पहिल्या चाचणीनंतरच घरी बसते.

खरा अडथळा मात्र प्रवासाचा. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पास मिळतो, गाडी मिळत नाही. शाळा सुटते पाचला, गाडी येते सातला, आणि मधले दोन तास मुली फाट्यावर उभ्या. आई-वडिलांना घोर लागतो तो याच दोन तासांचा. त्याला ‘पालकांची मानसिकता’ म्हणणे सोपे आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, पण गाडी रोजच्याच वेळेला येते, म्हणजे आठवड्याचा एक दिवस आपोआप बुडतो. उन्हाळ्यात आणि दिवाळीत शालेय फेऱ्या बंद होतात, हे समजू शकते. सुट्टी संपल्यावर पाठपुरावा केल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत, हे समजत नाही.

आगार व्यवस्थापकांकडे जाणारे बहुतेक अर्ज ‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी गाडी सुरू करावी’ एवढ्यावर संपतात. अशा अर्जावर काहीच होत नाही, कारण आगाराला भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते, दाखवावे लागते. अर्जात प्रत्येक थांब्यावरच्या मुला-मुलींची संख्या, सोमवार ते शुक्रवार आणि शनिवारची शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, विद्यालयाच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत हवी. एका वाडीच्या आठ मुलींसाठी गाडी वळत नाही. मार्गावरच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एकच अर्ज दिला तर आकडा चाळीसच्या वर जातो आणि मग बोलणी होतात. हा अर्ज मे महिन्यातच पोहोचला पाहिजे.

जिथे रस्ताच नाही तिथली गोष्ट वेगळी. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जात होत्या. त्याची २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सायकली सपाटीवर चार-पाच किलोमीटरपर्यंत चालतात, घाटवाटेला त्यांचा उपयोग नाही. सायकल वाटताना पंप, पंक्चरचे साहित्य आणि दोन-चार ट्यूब विद्यालयात ठेवाव्यात. पहिल्या पंक्चरलाच सायकल घरी उभी राहते आणि मग ती भाऊ वापरतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून हे बसते. वडाप (खासगी प्रवासी जीप) ठरवायचे असेल तर महिन्याचे पैसे गावाने एकत्र द्यावेत, आसनांपेक्षा जास्त मुली बसवू नयेत आणि शेवटच्या थांब्यावर एकटी मुलगी उतरणार नाही असा क्रम लावावा.

पैशांबाबत एक गैरसमज आहे. राज्य सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेचे एकूण १ लाख १ हजार रुपये १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहेत. आज आठवीत असलेल्या मुलीला त्यातले काहीच मिळत नाही. तिच्यासाठी एनएमएमएस ही आर्थिक दुर्बल घटकांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, आणि पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. नेमक्या गळतीच्या वर्षांत हे पैसे येतात. अडते ते आधार आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावातल्या फरकापाशी, आधार न जोडलेल्या बँक खात्यापाशी आणि दरवर्षीच्या नूतनीकरणापाशी. पहिली दोन कामे आठवीच्या दिवाळीआधी उरकावीत, नूतनीकरण दरवर्षी वेळेत करावे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि दहावीनंतर नवा फास तयार झाला. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. नेट कॅफेवाल्याने नामांकित म्हणून पहिले भरले आणि तिथे जायला एसटीच नाही, म्हणजे मुलगी घरी. पसंतीक्रम एसटीचे वेळापत्रक शेजारी ठेवून भरावा. गणित-इंग्रजीत राहिलेल्या मुलीला पुरवणी परीक्षा आणि एटीकेटीची (राहिलेले विषय घेऊन अकरावीला प्रवेश) सोय निकालाच्याच दिवशी सांगावी. आठवड्यानंतर सांगितले तर घरात स्थळे बघायला सुरुवात झालेली असते.

बालविवाहाचा सुगावा लागला तर जमाव घेऊन दारात जाऊ नये, लग्न दुसऱ्या गावी हलते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत जोडप्याचा मिळून एक कोयता (मजुरीचे एकक) धरतात आणि जोडी जुळवायला लग्ने उरकतात, म्हणून हंगामाआधीचे आठवडे धोक्याचे. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) हे गावातले बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, त्यांना शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या जन्मतारखेचा उतारा लगेच द्यावा. मनाई हुकमासाठी तोच पुरावा न्यायालयात लागतो, आणि हुकूम असताना लावलेले लग्न कायद्याने मुळातच रद्दबातल ठरते.

एसटीच्या सातारा आणि सांगली विभागांना आमची एकच विनंती: शालेय फेऱ्यांच्या वेळा, शनिवारच्या वेगळ्या वेळांसह, १५ जूनच्या आत प्रत्येक विद्यालयाच्या फलकावर लावाव्यात.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही माजी सदस्य,
जत व आटपाडी (जि. सांगली)