‘हे तिला देऊ नका’ म्हणणाऱ्या शेफना

प्रिय शेफ,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आम्ही फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सुट्टीला आलो होतो, तेव्हा तुम्ही माझ्या लेकीला जपून जेवू घातलंत. त्याबद्दल तुमच्या वरिष्ठांकडे इंग्रजीतलं पत्र आधीच गेलं आहे. त्यात तुमचं नाव, तारीख, उपाहारगृह सगळं नीट लिहिलं आहे, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल अशी आशा आहे. हे दुसरं पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही. पण ज्यांच्या घरात एखादं लेकरू एका दाण्याने दवाखान्यात पोचतं, अशी माझी बरीच माणसं ते वाचतील, आणि तुमचे आभार मला त्यांच्यासमोर मानायचे आहेत.

माझी लेक सात वर्षांची आहे. तिला शेंगदाणा आणि तीळ दोन्ही चालत नाहीत. आम्ही मूळचे सोलापूरचे, राहतो न्यू जर्सीत. सोलापूरच्या घरातून या दोन गोष्टी काढायच्या म्हणजे काय, हे मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाच्या खिचडीत कूट, बाजरीच्या भाकरीवर तीळ, संक्रांतीला तिळगूळ. आणि शेंगाचटणी तर आमच्याकडे पानात डाव्या बाजूला असतेच. लेक जेमतेम वर्षाची असताना आजीच्या हातून लाडवाचा कण तोंडात गेला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, मग श्वासात शिट्टी वाजायला लागली. इमर्जन्सीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर ती शुद्धीवर आल्यासारखी रडली. त्या रडण्याचं मला आजही केवढं बरं वाटतं!

तेव्हापासून आम्ही कुठेही निघालो की सोबत दोन एपिपेन, म्हणजे ॲड्रेनलिनची पेनासारखी तयार इंजेक्शनं, असतात. एक पुरलं नाही तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरं द्यावं लागतं. शिवाय बरं वाटल्यानंतरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून इंजेक्शन दिल्यावर दवाखान्यात जावंच लागतं. ही पेनं साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असतात, आणि फ्लोरिडातला जून तुम्हाला माहीत आहे. बंद गाडीत ती ठेवायची सोय नाही, आणि थेट बर्फावरही ठेवून चालत नाही. आम्ही ती इन्सुलेटेड पिशवीत घालून अंगावरच बाळगत होतो. राइडमध्ये बसण्याआधी समोरची दांडी ओल्या वाइप्सने पुसायची, खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. बरेच लोक अजूनही सॅनिटायझर चोळून निर्धास्त होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

खाण्याचीही तयारी केली होती. डिस्नेच्या पार्कांमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेचे डबे आणि सुटा बर्फ चालत नाही. तीळ न लावलेले धपाटे, दशम्या, फळं असं सगळं पाठीवरच्या पिशवीत होतं. खरं सांगायचं तर पूर्ण सुट्टी त्यावरच काढायची मनाची तयारी होती. लेकीला डब्याची सवय आहे. वाढदिवसाला बाकीची मुलं केक खातात तेव्हा ती आपल्या डब्यातली बिस्किटं खाते, आणि तक्रार करत नाही. ती तक्रार करत नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं.

डिस्नेच्या एप्कॉट या पार्कमध्ये दुपारी पाऊस आला म्हणून आम्ही तुमच्या उपाहारगृहात शिरलो. टेबल घेताना ॲलर्जी सांगितली होती. ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीने ती पुन्हा विचारली, लिहून घेतली आणि म्हणाली, शेफ स्वतः येऊन बोलतील. तुम्ही आलात. पांढरा कोट, बिल्ल्यावर तुमचं नाव आणि खाली पोर्तो रिकोतलं गाव. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलं नाहीत. गुडघ्यावर बसून लेकीला विचारलंत, ‘तुला काय चालत नाही ते तू सांग.’ तिने सांगितलं. तुम्ही ते तिच्याच शब्दांत परत म्हणून दाखवलंत आणि विचारलंत, ‘बरोबर ना?’

तिला बर्गर हवा होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या अनेक पालकांना हे ठाऊक नसतं. अमेरिकेत 2004 सालच्या कायद्याने पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जी आणणाऱ्या आठ मुख्य पदार्थांची नोंद सक्तीची झाली, त्यात शेंगदाणा होता. तीळ नव्हता. तो ‘मसाले’ किंवा ‘नैसर्गिक स्वाद’ या नावाखालीही येऊ शकायचा. 2021 साली कायद्यात तीळ नववा म्हणून आला आणि 1 जानेवारी 2023 पासून त्याची नोंद करणं बंधनकारक झालं. आम्ही घरी पेढे वाटले होते. पण झालं भलतंच. ज्या कारखान्यात तिळाचे आणि बिनतिळाचे पाव एकाच यंत्रावर होतात, तिथे ते यंत्र तिळापासून पूर्ण स्वच्छ ठेवणं अवघड. म्हणून काही पाव बनवणाऱ्यांनी पिठात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर ‘तीळ आहे’ असं छापून टाकलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर. पण ज्या पावावर माझी लेक वाढली तो एका रात्रीत बाद झाला. मला याचा आजही राग आहे. भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक: तिथल्या 2020 च्या लेबलच्या नियमांतल्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ नाही. म्हणजे पाकिटावर इशारा दिसला नाही म्हणून तीळ नाही असं धरून चालता येत नाही.

तर बर्गर म्हटलं की मला पहिली भीती पावाची. मी विचारलं. आणि इथेच, शेफ, तुम्ही ते केलंत ज्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही ‘काळजी करू नका’ म्हणाला नाहीत. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, इतक्या हसऱ्या चेहऱ्यांकडून, की ते ऐकलं की माझं पोट आवळतं. एका ठिकाणी वेटरने आत न जाताच उभ्या उभ्या ‘काही नाही त्यात’ असं सांगितलं होतं, आणि मी लेकीला घेऊन तशीच बाहेर पडले होते. तुम्ही म्हणालात, ‘मला वाटतं चालेल, पण वाटण्यावर मी तिला खाऊ घालणार नाही. थांबा.’ आणि आत जाऊन पावाचं अख्खं पाकीट घेऊन आलात. माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘तुम्ही वाचा, मी पण वाचतो.’ आपण दोघांनी ती बारीक अक्षरं एकत्र वाचली. शेंगदाणा नाही, तीळ नाही. एवढ्या गर्दीच्या वेळी एक शेफ माझ्या टेबलाशी उभं राहून पावाचे घटक वाचतोय, हे मला अजून खरं वाटत नाही.

मग लेकीने फ्राइज मागितल्या. तुम्ही मला सरळ सांगितलंत, ‘त्या तिला देऊ नका. त्याच फ्रायरमध्ये आज तीळ लावलेलं चिकन तळलंय.’ मेनूवर फ्राइजसमोर काही लिहिलेलं नव्हतं. बटाटा, मीठ, तेल, कोणाला शंका येणार? मला कदाचित आली असती, कदाचित नसती. तुम्ही गप्प राहिला असतात तर तुम्हाला कोणी विचारलंही नसतं. पाकिटावरचा कायदा पाकिटापाशी संपतो, ताटात वाढलेल्या पदार्थाला तो लागू नाही. तुम्ही जे केलंत ते तुम्हाला कोणत्याही लेबलच्या नियमाने करायला लावलं नव्हतं.

लेकीचा चेहरा पडला. तेव्हा तुम्ही म्हणालात की नव्या पातेल्यात बटाटे उकडून, वेगळ्या तव्यावर परतून देता येतील, पण वेळ लागेल. ती म्हणाली, चालेल. आणि खरंच वेळ लागला. प्लेट तुम्ही स्वतः घेऊन आलात, दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाहीत. ठेवताना सांगितलंत की हातमोजे बदलले, तवा नवा, फळी नवी, चिमटा नवा. एवढं सगळं मी विचारलंही नव्हतं.

माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्या दर उन्हाळ्यात सोलापूरहून येतात. त्यांना सुरुवातीला हे पटायचं नाही. आमच्या वेळी असं नव्हतं, थोडं थोडं दिलं की सवय होते, असं त्या मनापासून म्हणायच्या. (घरी आपल्या मनाने थोडं थोडं देणं अशा मुलासाठी जिवावरचं ठरू शकतं. काही ठिकाणी शेंगदाण्यावर तसे उपचार होतात, पण ते ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.) तुम्ही पाकीट वाचून दाखवत होतात तेव्हा त्या शेजारच्या खुर्चीवरून बघत होत्या. भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. तुम्ही गेल्यावर त्या उठल्या, स्वच्छतागृहात जाऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुवून आल्या आणि मगच नातीचा बर्गर अर्धा करून तिच्यासमोर ठेवला. निघताना त्यांनी तुम्हाला हात जोडून नमस्कार केला, आठवत असेल. यंदा त्या सोलापूरहून येताना शेंगाचटणी न आणता आल्या होत्या, हे मात्र तुम्हाला माहीत नसणार. त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं.

लेकीने बर्गर अर्धाच खाल्ला, बटाटे सगळे संपवले. तिने पहिल्यांदाच बाहेर बसून, मेनू हातात घेऊन, स्वतः मागून जेवण केलं. डबा पिशवीतच राहिला. रात्री खोलीवर धपाटे आम्ही मोठ्यांनी खाल्ले.

सुट्टीवरून आल्यावर मी एक काम केलं. आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाची जबाबदारी ज्या बायका घेतात, त्यांच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मागणी फक्त दोन गोष्टींची केली: विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूचं पाकीट जेवण संपेपर्यंत फेकायचं नाही, आणि कशात कूट किंवा तीळ आहे याची खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ असंच सांगायचं. एक काकू म्हणाल्या, एवढंच ना, त्यात काय अवघड आहे. आता मंडळात महाप्रसादाच्या टेबलाखाली एक खोकं असतं आणि त्यात रिकामी पाकिटं असतात. या वर्षी दुसऱ्याच एका मुलाच्या आईने त्यातलं बिस्किटाचं पाकीट काढून वाचलं. तिच्या मुलाला काजू चालत नाही. आमच्यात असं घर आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा यायचा विचार आहे. तुम्ही तिथेच असाल तर लेकीला तुमच्याच हातचे बटाटे हवे आहेत, आणि सासूबाईंनी तुमच्यासाठी सोलापुरी चादर काढून ठेवली आहे. ती देता येते की नाही, तुमचे नियम काय आहेत, ते आधी विचारून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका सात वर्षांच्या मुलीची आई
न्यू जर्सी