ऊसतोडीला गेलेला पेशंट हरवलेला नसतो

संपादक साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं एचआयव्हीचा काउन्सिलर म्हणून काम करतोय. नाव छापू नका ही विनंती, माझ्या नावावरून माझे पेशंट ओळखू येतात. लिहायचंय ते जिल्ह्याचं, राज्याचं एड्सचं प्लॅनिंग करणाऱ्या साहेब-मॅडम लोकांच्या ट्रेनिंगबद्दल.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. जोडपीच्या जोडपी ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला जातात, काही पार कर्नाटकात, आणि येतात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला. आता आपला जागतिक एड्स दिन कधी, तर 1 डिसेंबरला. गावात रॅली निघते, घोषणा होतात आणि बघायला असतात म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं, ज्यांनी ऐकायला पाहिजे ते तेव्हा फडात.

मग जानेवारी उजाडला की एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरच्या, रजिस्टरला ह्यांच्या नावापुढे आधी 'मिस्ड' आणि नंतर 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे हरवलेला पेशंट, असं लागतं. अहो, हरवला कुठे? गाव माहीत, मुकादम माहीत, कारखाना माहीत, फक्त आपल्या कागदावर हरवला.

माझ्याकडची एक ताई आहे. तिने गोळ्या डबीतून काढून फडक्यात बांधून नेल्या, कारण डबी खुळखुळ वाजते आणि कोपीला, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या झोपडीला, ना दार ना भिंत, शेजारची बाई लगेच विचारते कसल्या गोळ्या. पहाटेचं दव, ओल, महिनाभरात गोळ्यांचा भुगा झाला. सेंटरला जावं तर खाडा पडतो नि मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातून, पैसे कापतो. आता, उपचाराच्या नोंदीचं हिरवं पुस्तक दाखवलं तर तिकडच्या सेंटरवरही गोळ्या मिळतात, ही सोय आहे, पण तिला ते माहीत नव्हतं. ऑक्टोबरात मीच तिला सांगायला पाहिजे होतं, त्या दिवशी लाइन मोठी होती आणि राहून गेलं, ते मला आजही लागतं.

औषधात काही कमी नाही हो. 1 एप्रिल 2004 पासून एआरटी फुकट आहे, 2017 पासून पॉझिटिव्ह आला की सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती हे न बघता औषध सुरू करतात, बहुतेकांना आता रोज एकच गोळी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबून राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, आणि कोयता म्हणजे बहुतेक नवरा-बायकोची जोडीच असते, म्हणजे एकाची गोळी तुटली की धोका दोघांना.

मागे प्लॅनिंगच्या एका ट्रेनिंगला मला बसवलं होतं. दोन दिवस एसी हॉल, 95-95-95 च्या (95 टक्के लोकांना लागण माहीत, त्यातल्या 95 टक्क्यांना औषध, त्यातल्या 95 टक्क्यांचा विषाणू दबलेला, ह्या उद्दिष्टाच्या) स्लाइड, टार्गेट, फॉरमॅट कसा भरायचा. शिकवणारे हुशार होते, मनापासून शिकवत होते, पण दोन दिवसांत 'गाळप' हा शब्द एकदाही आला नाही. गाळप कधी सुरू होणार हे तर सरकारची मंत्री समितीच ठरवते, पेपरात छापून येतं, 2023 ला 1 नोव्हेंबर होती, 2024 ला 15 नोव्हेंबर. एवढी तारीख आधी हातात असताना आपण गोळ्यांचा स्टॉक त्याप्रमाणे का नाही लावत? कोरोनात 2020 ला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्याच होत्या की.

म्हणून म्हणतो, प्लॅन करणाऱ्यांना एक दिवस तरी कारखान्याच्या तळावर न्या, कोपीत बसवा, आणि पाठवणारा जिल्हा नि ठेवून घेणारा जिल्हा, दोन्हीकडचे लोक एका टेबलावर आणून पेशंटच्या ट्रान्सफरच्या याद्या तिथेच करायला शिकवा, नावं फुटणार नाहीत ह्याची काळजी घेऊन, कारण गुप्तता ही 2017 च्या कायद्यातच आहे. आणि शिकवायला दहा-बारा हंगाम गोळी न चुकवता ऊस तोडलेला एखादा पॉझिटिव्ह माणूस बोलवा, मानधन देऊन. गोळी कुठे ठेवायची, कधी खायची, मुकादमाला काय सांगायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

हे सगळं दिवाळीच्या आधी व्हायला पाहिजे. ती ताई यंदाही चाललीय, तिच्या नवऱ्याची उचल घेऊन झाली.

एक काउन्सिलर, बीड जिल्हा