तक्रार: बेबी स्वेटरच्या किटमध्ये दोन लॉटची (वेगवेगळ्या वेळी रंगवलेली) लोकर आणि पॅटर्नमध्ये दोन देशांची भाषा

नमस्कार कस्टमर केअर टीम,

हा माझा तिसरा मेल. पहिल्या दोनांना जे उत्तर आलं ते कॉपी-पेस्ट होतं हे मला पण कळतं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना स्वतःला क्रोशे येतं अशा कोणाला तरी वाचायला द्या.

नोव्हेंबरमध्ये मी तुमचं 6 ते 12 महिन्यांच्या बाळाचं वॅफल (चौकोनी खणांच्या विणीच्या) स्वेटरचं किट मागवलं, 1,450 रुपये, त्यात 50 ग्रॅमचे 4 गुंडे, 4 मिमीची सुई, लाकडी बटणं आणि छापील पॅटर्न. भाचा सात महिन्यांचा आहे, राहतो निफाडला, आणि निफाडचा गारठा काय असतो हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. संक्रांतीनंतर बोरनहाण आहे. तेव्हा काळं झबलं तर वहिनी शिवणारच आहे, पण वरून घालायला आत्याच्या हातचं काहीतरी पाहिजे ना, म्हणून हा उद्योग. रंग मुद्दाम फिका मोरपिशी घेतला कारण काळ्यात वॅफलचे खण दिसतच नाहीत, एवढी मेहनत करून दिसायला सपाट गोधडी होते.

तुमच्या माणसाने लिहिलं की "बिगिनर असाल तर आमचे व्हिडिओ बघा". अहो, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशाचे रुमाल केलेत तेव्हापासून सुई हातात आहे माझ्या. वॅफल म्हणजे काय जगावेगळं नाही, एक साधा खांब (क्रोशाचा उभा टाका) आणि दोन खांब खालच्या खांबाच्या कमरेत समोरून सुई घालून, पुढच्या ओळीत त्याचं उलट, की उठाव येतो आणि मध्ये चौकोनी खण पडतात. लोकर मात्र जास्त खाते आणि चूक झाली की उसवताना जीव जातो, कारण खांब एकमेकांना मिठ्या मारून बसलेले असतात.

अंग छान झालं. 16 खांबांना 10 सेमी, तुमच्या पॅटर्नमध्ये दिलंय तसंच बरोब्बर. मग बाही घेतली, वरून खाली. पान 4 वर लिहिलंय "ट्रेबल", 16 ओळी. मी सुईवर दोनदा दोरा घेऊन लांब खांब घातले कारण पान 2 वर गळ्याच्या पट्टीला "सिंगल क्रोशे" लिहिलंय, म्हणजे पॅटर्न अमेरिकन पद्धतीचा, हे कोणीही समजेल. 16 ओळींत बाही झाली 25 सेमी. सात महिन्यांच्या बाळाचा हात केवढा असतो हो? आणि वीण इतकी विरळ की त्याची बोटं घालताना खणात अडकणार. मला वाटलं माझा हात सैल पडतोय, उसवली, घरातली साडेतीनची सुई घेऊन परत केली, परत 23. परत उसवली. तिसऱ्या वेळी कंटाळून पुढची ओळ वाचली तर मनगटाच्या पट्टीला लिहिलंय "डबल क्रोशेच्या 10 ओळी, 5 सेमी". तेव्हा माझी ट्यूब पेटली. अमेरिकन डबल म्हणजे साधा खांब, आणि खांबाच्या 10 ओळी 5 सेमीत बसणं शक्यच नाही, अंगाच्या 10 ओळीच माझ्या 11 सेमी भरल्यात.

म्हणजे झालंय असं की अंग अमेरिकन भाषेत आहे आणि बाही ब्रिटिश भाषेत. अमेरिकेत ज्याला डबल म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात, तो आपला साधा खांब, आणि ब्रिटनचं डबल म्हणजे अमेरिकेचं सिंगल, म्हणजे आपला बुटका मुका खांब. ब्रिटिश पॅटर्नमध्ये "सिंगल" हा शब्दच नसतो, म्हणून तर लोक त्यावरून ओळखतात. पान 4 चा फॉन्ट पण वेगळा आहे, नीट बघा, मला तर वाटतं ते पान दुसरीकडून उचलून जोडलंय. साधा खांब धरून परत केली तर तुमच्याच 16 ओळींत बाही साडेसतरा सेमी आली, जशी यायला हवी तशी. खरंतर पॅटर्नमध्ये "खांब" आणि "मुका खांब" असं मराठीत छापलंत तर हा गोंधळच होणार नाही, पण ते जाऊ दे.

आता दुसरं, जे मला जास्त लागलं. तिसरा गुंडा कोपरापाशी संपला आणि चौथा जोडला. रात्री ट्यूबलाइटमध्ये काही कळलं नाही, सकाळी गॅलरीत नेली तर कोपरावर सरळ रेघ. वर मोरपिशी, खाली हिरवट. डब्यात टाकलेली लेबलं शोधून काढली तर तीन गुंड्यांचा लॉट नंबर एक आणि चौथ्याचा वेगळा. तुमचं उत्तर काय, तर "स्क्रीनमुळे रंगात थोडा फरक दिसू शकतो". स्क्रीनचा काय संबंध, लोकर माझ्या मांडीवर आहे! मी दुकानातून सुटे गुंडे घेतले असते तर लॉट बघून घेणं माझं काम होतं, ते मान्य. इथे किट तुम्ही पॅक केलंय, गुंडे तुम्ही भरलेत. निदान आत चिठ्ठी टाकली असती की एक गुंडा वेगळ्या लॉटचा आहे, तर मी सुरुवातीपासून दोन गुंडे घेऊन आलटून पालटून ओळी घातल्या असत्या, फरक मिसळून गेला असता. आता अंग उसवून ते करायचं म्हणजे तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

आणि "उघडलेलं किट परत घेत नाही" हे तर फारच झालं, न उघडता लॉट नंबर कसा दिसणार, तो गुंड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला छापलाय.

बटणांबद्दल एकच, कडा घासलेल्या नाहीत, बोटाला लागतात. बाळ दिवसभर जे हाती येईल ते तोंडात घालतं, त्यामुळे ती मी लावणार नाहीये. आईच्या डब्यातली जुनी लावेन, पक्की शिवून.

पूर्ण पैसे परत द्या असं मी म्हणतच नाहीये. पहिल्या तीन गुंड्यांच्या लॉटचे दोन गुंडे कुरिअरने पाठवा, एकात होईल की नाही सांगता येत नाही कारण तीनदा उसवून लोकर मॅगीसारखी कुरळी झालीये, धुवून खाली वजन बांधून वाळत टाकलीये पण पहिल्यासारखी होत नाही. तो लॉट शिल्लक नसेल तर स्पष्ट सांगा आणि 1,450 रुपये खात्यात टाका, मी नवीन लोकर घेऊन बाह्या वेगळ्या रंगाच्या करेन. आणि पान 4 दुरुस्त करून ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना मेल करा, ते बिचारे पण आपला हात सैल म्हणून उसवत बसले असतील.

सोबत फोटो जोडलेत: चारही लेबलं, पान 2 आणि पान 4 शेजारी शेजारी, दोन्ही बाह्या पट्टी ठेवून, आणि कोपराची रेघ दिवसाच्या उजेडात. ऑर्डर नंबर मेलच्या विषयात आहे. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे, तशी इच्छा नाही, लोकर तुमची मऊ आहे आणि मला आवडलीये.

फोन करायचा असेल तर संध्याकाळी 6 नंतर करा, दिवसा ऑफिसमध्ये असते.

एक वैतागलेली आत्या, ठाणे