दुष्काळ सोसणारी द्राक्षवेल माळव्यातच पारखावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माळव्यात वाइनच्या द्राक्षांचा विषय निघाला की ग्रीसच्या सँटोरिनी बेटाची असिर्टिको, स्पेनची गार्नाचा आणि ऐरेन अशी नावे पुढे केली जातात. या जाती काटक आहेत, यात वाद नाही. स्पेनमधील ला मांचाच्या कोरड्या पठारावर ऐरेनच्या बुटक्या वेली दूर दूर लावून पिढ्यान्‌पिढ्या केवळ पावसावर जोपासल्या गेल्या. परंतु तिकडे पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो आणि कोरडा उन्हाळा फळ वाढण्या-पिकण्याच्या काळात येतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या पद्धतीने एप्रिलमध्ये खरड छाटणी (वेलीच्या काड्या अगदी आखूड कापणे) केली, तर नव्या काडीच्या डोळ्यांत (कळ्यांत) पुढच्या पिकाचे घड मे-जूनमध्ये, म्हणजे नेमके विहिरी तळाला गेल्यावर, ठरतात. आणि लगेच सुरू होणाऱ्या पावसाळ्यात डाऊनी व करपा हे बुरशीजन्य रोग वेलीवर चालून येतात. भूमध्य सागरी हवामानात अव्वल ठरलेली जात या दोन्ही कसोट्यांना उतरेलच, असे गृहीत धरता येणार नाही.

जातीपेक्षाही खुंटाची, म्हणजे ज्या मुळांच्या वेलीवर जातीचे कलम करतात तिची, चर्चा फारच कमी होते. महाराष्ट्रात पाण्याची टंचाई आणि क्षार यांमुळे बागायतदार डॉगरिज खुंटाकडे वळले. पण खोल काळ्या जमिनीत तो वेलीला इतका जोम देतो की पाने दाटतात आणि घड घटतात. ११०-आर हा खुंट वेलीला तुलनेने कमी जोम देतो आणि तोही पाण्याचा ताण सोसतो. आपल्या काळ्या मातीत या दोहोंची शेजारी शेजारी लावून तुलना व्हायला हवी.

इंदूरच्या कृषी महाविद्यालयात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालते आणि मंदसौरला उद्यानिकी महाविद्यालय आहे. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे साहाय्य घेऊन या दोन्ही ठिकाणी असिर्टिको, ग्रेनाश (गार्नाचाच ती) आणि तुलनेसाठी नाशिकची परिचित शिराझ वेगवेगळ्या खुंटांवर लावावी. एप्रिल ते जून काही ओळींचे ठिबकचे पाणी मुद्दाम कमी करावे आणि वेल जगली एवढ्यावर समाधान न मानता घडांची संख्या, साखर व विशेषतः आम्लता मोजावी, कारण उष्ण हवेत फळातील आम्ल झपाट्याने उतरते आणि आम्ल नसलेली वाइन बेचव लागते.

वेली फळावर येऊन विश्वासार्ह निष्कर्ष निघण्यास काही हंगाम लागतील. तोपर्यंत शासनाने अनुदान कोणत्याही एका जातीशी बांधू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर