दात साफ केल्याने हलत नाहीत

‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात,’ हे आमच्या आईचे ठाम मत. त्यामुळे दाढ ठणकेपर्यंत घरात कुणी दवाखान्याची पायरी चढत नसे, लवंगेवर भागायचे. परवा मी खुर्चीत बसले, मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने दात घासण्याची, जुनी सवयही कबूल केली. डॉक्टरांनी खालच्या पुढच्या दातांमागचा पिवळट थर आरशात दाखवला. लाळेतल्या क्षारांनी कडक झालेले हे कीटण ब्रशने निघत नाही. त्यानेच हिरड्या सुजतात, दाताखालचे हाड झिजते. हे कीटण काढले की आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो, आणि दोष मात्र साफसफाईला! दोन-तीन दिवस गार पाण्याने कळ आली, एवढेच. जाता जाता डॉक्टरांनी गालाची आतली बाजू, जीभही तपासली. मिश्रीवाल्यांच्या तोंडात पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पांढरा चट्टा आहे का, ते पाहतात म्हणे.

– एक वाचक, सातारा