मावशीची व्हीलचेअर आणि माझी

एडिसन, न्यू जर्सी
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मावशीलाही विमानतळावर व्हीलचेअर मिळते, मग तुला चिऊच्या लग्नाला येण्यात अडचण कसली?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

मावशीला लांबचे चालणे आणि इमिग्रेशनची रांग सोसवत नाही म्हणून खुर्ची लागते. विमानाच्या दाराशी ती उठते आणि आपल्या जागेवर चालत जाते. अशा प्रवाशाच्या नावापुढे विमान कंपन्या डब्ल्यूसीएचआर असे लिहितात, जिना चढता येत नसेल तर डब्ल्यूसीएचएस, आणि माझ्यासारख्या, एकही पाऊल टाकू न शकणाऱ्या माणसापुढे डब्ल्यूसीएचसी. हे शेवटचे अक्षर चुकले, की उचलणाऱ्या दोघांऐवजी हसतमुखाने हात पुढे करणारा एकच मुलगा दाराशी उभा असतो. तिथे मला माझ्या खुर्चीतून एका अरुंद, हात नसलेल्या खुर्चीवर घेतात, छातीला आणि पायांना पट्टे बांधतात आणि आसनांच्या मधून उलटे ओढत नेतात. त्याची आता सवय झाली आहे. भीती वाटते ती माझ्या मागे राहिलेल्या खुर्चीची.

मार्चमध्ये कामानिमित्त मी डेन्व्हरला गेले होते, तेव्हाची एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. आई, रागावू नकोस. बोइंग ७३७ सारख्या विमानात सामान चढवण्याचे दार एक मीटरही उंच नसते, त्यामुळे दीडशे किलोची माझी विजेवर चालणारी खुर्ची उभी जात नाही, आडवी पाडून आत सरकवतात. उतरल्यावर तासभराने ती आली, तेव्हा जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची दांडी, वायरीला लोंबत होती आणि पाठ एका बाजूला कलली होती. बदली म्हणून मिळालेल्या साध्या खुर्चीत कमरेला आधार नव्हता. दुसऱ्याच दिवशी बैठकीवर लाल चट्टा उठला आणि तो भरून यायला सहा आठवडे लागले. माझ्याच नशिबी हे आले असे नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी स्वतः सरकारकडे नोंदवलेली खुर्च्या किंवा स्कूटर मोडल्याची, हरवल्याची किंवा उशिरा मिळाल्याची प्रकरणे २०२३ या एका वर्षात ११ हजारांहून अधिक होती.

इथल्या देशांतर्गत प्रवासात खुर्ची मोडली, तर तिच्या मूळ किमतीपर्यंत भरपाई मागता येते. भारतात येताना मात्र आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा माँट्रियल करार लागू होतो आणि त्यात खुर्ची म्हणजे सामान, जशी आईच्या लोणच्याच्या बरण्यांची बॅग. भरपाईची मर्यादा साधारण २ हजार डॉलर. माझी खुर्ची २८ हजारांची. खुर्ची सोपवताना तिची किंमत लेखी जाहीर केली तर ही मर्यादा वाढते, म्हणून तो कागद मी तयार ठेवला आहे.

आता चिऊच्या लग्नाचे. मी आणि अमोल येत आहोत, परंतु पुण्याचे जोडविमान घेणार नाही. नेवार्कहून थेट मुंबई आणि पुढे साताऱ्यापर्यंत रस्त्याने. मोठ्या विमानात खुर्ची उभी राहते आणि जरा रुंद शौचालयही असते. तरीही आदल्या रात्रीपासून मी पाणी बेतानेच पिणार, कारण तिथपर्यंत न्यायची अरुंद खुर्ची विमानात असली, तरी मला उचलून तीवर बसवणे कर्मचाऱ्यांवर बंधनकारक नाही. ते अमोललाच करावे लागेल, आणि त्याची पाठ तुम्हाला ठाऊक आहे.

बाबा, दादाला सांगून एक छोटा हत्ती ठरवा. खुर्ची त्यात आणि मी गाडीत. चढवायला आठ फुटी दोन जाड फळ्या आणि बांधायला दोर लागतील. जॉयस्टिक मी काढून टॉवेलात गुंडाळून हातातच आणणार आहे, त्यामुळे विमानतळावर ती बसवेपर्यंत कोणीही खुर्ची ढकलण्याची घाई करू नये. आधी चाकांजवळचे दोन लाल खटके सोडावे लागतात. त्यांचा फोटो दादाला पाठवला आहे.

तुमची,
मंजू