दुसऱ्या वर्षीही बांधावर आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या दीड एकरात सलग तिसऱ्या वर्षी चिखलणी न करता भात पिकले आणि कापणी उरकून त्याच गादीवाफ्यांवर वालही टोकून झाला. आपले आभार तोंडी मानून भागणार नाही असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आमच्या कर्जत तालुक्यात भातशेती म्हणजे राब भाजणे (रोपे वाढवायच्या जागेवर पालापाचोळा जाळणे), चिखलणी आणि लावणी. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र, म्हणजे एकदा घातलेले वाफे न मोडता त्यांवरच बी टोकणे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देणे, आमच्यापासून लांब नव्हते. परंतु ऐकणे वेगळे आणि ज्या तुकड्यावर घराचा वर्षभराचा तांदूळ पिकतो, तिथे ते करून पाहणे वेगळे. आपल्या कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून टोकणीचा लोखंडी साचा दिला, वाफे ओढण्याचे भाडे भरले, त्यामुळे धीर आला.

पहिल्या वर्षी मात्र माझी चूक झाली. टोकणीनंतर ओल असतानाच करायची तणनाशकाची फवारणी मी लांबवली आणि महिन्याभरात भातापेक्षा तणच उंच दिसू लागले. पुन्हा नांगर घालायचा, असे मी घरात बोलूनही टाकले होते. त्या दिवशी आपण भर पावसात आलात, चप्पल बांधावर काढून ठेवलीत आणि विळा मागितलात. ‘तण उपटू नका, कापा, उपटले की माती हलते,’ एवढेच सांगून आपण माझ्या पत्नीबरोबर दोन वाफे स्वतः साफ केलेत. औषधाची आणखी एक बाटली घ्या, असे आपण कंपनीच्या असूनही सुचवले नाहीत, हे मला विशेष सांगायचे आहे.

उत्पन्न त्या वर्षी घटले, तरी दुसऱ्या वर्षी आपण पुन्हा आलात. खरे आभार त्या येण्याचे आहेत, कारण लहान शेतकरी नवी पद्धत सोडतो तो बहुधा पहिल्या फटक्यानंतरच, आणि नेमके तेव्हा विचारायला कोणी नसते. आपण वाफ्याच्या कडेचे एक ढेकूळ माझ्या हातात फोडलेत. आदल्या वर्षीच्या भाताचे मूळ आत काळे, मऊ पडले होते, त्याच्या पोकळीतून पाणी मुरल्याची ओल दिसत होती आणि एक गांडूळ वळवळत बाहेर आले. माझा विश्वास बसला तो तिथे. पुढे पावसाने ओढ दिली, शेजारची रोपे लावणीसाठी राबात ताटकळली, आमचे भात मात्र तग धरून राहिले. लावणीच्या दिवसांत आईची कंबर धरली नाही, असे ते पहिलेच वर्ष.

साचा आता आमच्या पडवीत टांगलेला असतो. या पावसाळ्यात तीन शेजाऱ्यांनी तो पाळीपाळीने नेला आणि त्यांना तण कापायला शिकवायला माझी पत्नी गेली होती.

वालाला शेंगा धरू लागल्या आहेत. थंडीत पोपटी लावू, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजू, तेव्हा आपण सहकुटुंब यावे, ही आग्रहाची विनंती. मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला बांधावर भरपूर आहे.

आपला कृतज्ञ,
कर्जत तालुक्यातील एक भात उत्पादक